साठ्याचे वाटप : नियम एकदा, मोजणी दरसाल

धरण बांधणे हे एक काम आहे आणि धरणातले पाणी वाटणे हे दुसरे. पहिल्या कामाचा समारंभ होतो, कोनशिला बसते, पाहुणे येतात, भाषणे होतात. दुसऱ्या कामाचा समारंभ होत नाही. त्याची बैठक होते, आणि पुष्कळदा त्या बैठकीत भांडण होते. महाराष्ट्राने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पहिले काम भरपूर केले. दारणा धरण १९१६ साली पुरे झाले, भंडारदरा १९२६ साली. कोयना, जायकवाडी, उजनी ही स्वराज्यानंतरची. मोठ्या धरणांच्या संख्येत आपले राज्य देशात पहिले आहे. तरीही पाऊस ओढ देतो त्या साली एका जिल्ह्याचा शेतकरी धरणावर पहारा करतो आणि दुसऱ्या जिल्ह्याचा शेतकरी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेतो. पाणी कमी पडले हे एक कारण खरेच. परंतु जे आहे ते कोणत्या मापाने वाटायचे हे आधी ठरलेले नसते, हे दुसरे कारण होय. आजचे आमचे बोलणे या दुसऱ्या कारणापुरते आहे.

पाण्याचा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का मांडावा, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. आम्ही इंजिनियर नाही आणि कॉलेजात शिकलेलेही नाही. पण एखादी गोष्ट थोडी असते, मागणारे पुष्कळ असतात आणि वाटणारा एकच असतो, तेव्हा काय होते, हे पाहण्यातच आमचे आयुष्य गेले आहे. गिरणीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या बदली कामगारांपैकी कोणाला आत घ्यायचे हे एके काळी जॉबरच्या बोटावर होते. ज्याच्याकडे बोट वळले त्याची चूल पेटली. कामगारांनी त्या बोटाशी झगडा केला तो दुसरे बोट आणण्यासाठी नव्हे. बोटाच्या जागी यादी आणि पाळी आणण्यासाठी. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला, त्यामागचा हेतू हाच होता : नोंद असलेल्या माणसाला त्याच्या पाळीने काम. पाण्याचा प्रश्न पाहताना आम्हांला तोच झगडा वेगळ्या वेशात दिसतो.

साठा म्हणजे किती?

वाटपाला बसण्यापूर्वी ताटात काय आहे ते पाहिले पाहिजे. वर्तमानपत्रात ‘धरण भरले’ असे छापून येते. पण धरणात दिसते ते सगळेच पाणी वाटता येत नाही. तळाशी, कालव्याच्या दाराच्या खाली राहणारे जे पाणी, त्याला मृत साठा म्हणतात. त्याच्यावरचा तो उपयुक्त साठा. जायकवाडीचेच उदाहरण घ्या. पैठणच्या या नाथसागराचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेशहात्तर टीएमसीच्या किंचित वर, आणि मृत साठा ७३८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे २६ टीएमसी. उन्हाळ्यात ‘जायकवाडी शून्य टक्के’ अशी बातमी येते आणि पैठणला गेलेला माणूस समोर पसरलेले पाणी पाहून चक्रावतो, त्याचा उलगडा या दोन आकड्यांत आहे.

टीएमसी हे माप आता सर्वांच्या तोंडी आहे, पण त्याचा अंदाज थोड्यांना असतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. आपल्यासारख्या शहरवासीयांना ते असे समजेल : भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरतात. एक लाख वस्तीच्या शहराला त्या हिशेबाने वर्षाला सुमारे ४९३ कोटी लिटर लागते, म्हणजे एका टीएमसीच्या सहाव्या हिश्श्याहून थोडे अधिक. नळाला येणाऱ्या पाण्याची गळती यात धरलेली नाही. ती धरली की हा आकडा वाढतो.

उपयुक्त साठाही पुरताच हाती येत नाही. त्यातले काही उन्हाने उडून जाते. जायकवाडीसारख्या पसरट, उथळ जलाशयात हे बाष्पीभवन फार. काही जागा दरसाल गाळ खातो. कालव्यातून आणि नदीतून नेताना वाटेत जमीन पिते ते निराळे. हे सगळे वजा घातल्यावर जे उरते, ते वाटायचे असते. आणि ते पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे असते. म्हणून आपल्याकडे पाण्याचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या मध्याला साठ्याचा ताळेबंद मांडतात. महिन्याच्या एक तारखेला पगार हातात आल्यावर घरची बाई डबे भरते आणि कोणत्या डब्याला कधी हात लावायचा हे ठरवते, तशी ही पंधरा ऑक्टोबर.

हुकूम आणि नियम

वाटप दोन तऱ्हांनी होते. एक हुकमाने, दुसरे नियमाने. हुकूम एका वेळेपुरता असतो. यंदा अमुक धरणातून इतके पाणी सोडा, असे कोणी अधिकाऱ्याने वा मंत्र्याने सांगितले की तो हुकूम झाला. तो न्यायाचाही असू शकेल. पण पुढच्या साली पुन्हा नवा हुकूम लागतो आणि त्यासाठी पुन्हा नवे शिष्टमंडळ, नवा मोर्चा, नवी ओळख लागते. ज्याची ओळख मोठी त्याचे पाणी मोठे. नियम तसा नसतो. तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. त्यात आकडे लिहिलेले नसतात, आकड्यांसाठी जागा ठेवलेली असते. यंदाचे आकडे त्या जागी भरले की यंदाचे वाटप निघते. पुढच्या साली पुढचे. एका धरणासाठी केलेला नियम दुसऱ्या धरणालाही लावता येतो.

कामगारांना याचे जवळचे उदाहरण बोनसचे. पूर्वी बोनस म्हणजे मालकाची मेहेरबानी होती. दिवाळीला मन झाले तर दिला. १९५० साली मुंबईच्या गिरण्यांच्या तंट्यात लेबर अपेलेट ट्रायब्युनलने एक सूत्र घालून दिले. एकूण नफा मांडा. त्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, कर, भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के आणि खेळत्या भांडवलात घातलेल्या राखीव निधीवर त्याहून कमी दराने परतावा एवढे वजा करा. मग जी शिल्लक राहील तिच्यात कामगाराचा वाटा. त्या सूत्रावर आम्हा लोकांचा राग पुष्कळ होता. वजावटीच इतक्या की शिल्लक काय राहणार, असे आम्ही म्हणत असू. पण एक गोष्ट झाली : भांडण मेहेरबानीवरून हिशेबावर आले. पुढे १९६५ च्या बोनस कायद्याने किमान आणि कमाल मर्यादा घातल्या, आणि भरभराटीच्या सालातली जादा शिल्लक पुढच्या वाईट सालासाठी, चौथ्या वर्षापर्यंत, ओढून नेण्याची सोय केली. हे तर अगदी धरणासारखेच झाले. चांगल्या सालाचे पाणी वाईट सालासाठी ठेवणे यालाच साठा म्हणतात.

कोणताही वाटपाचा नियम हाती आला की त्याला पाच प्रश्न विचारावेत. काय मोजायचे? कोणत्या तारखेला मोजायचे? आधीची देणी कोणती? उरलेले कोणत्या प्रमाणात वाटायचे? आणि तूट आली तर ती कोणी, कशी सोसायची? या पाचांपैकी एकाचेही उत्तर नियमात नसेल, तर ते उत्तर ऐनवेळी कोणीतरी आपल्या सोयीने देणार, हे पक्के समजावे. हे पाच प्रश्न घेऊन आता आपण तीन नियमांकडे जाऊ : एक फार जुना, एक पन्नास वर्षांमागचा, आणि एक चालू शतकातला.

फडाची शहाणीव

खानदेशात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्यावर फड पद्धत कित्येक शतके चालत आली. या बंधाऱ्यांत साठा थोडा; नदीचा प्रवाह अडवून पाटात वळवायचा हे त्यांचे मुख्य काम. म्हणून हा खरे तर प्रवाहाच्या वाटपाचा नियम आहे. पण वाटपाचे शहाणपण शिकायला त्याहून चांगली शाळा नाही.

बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडत. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एकच पीक. एका फडात ऊस, तर दुसऱ्यात भुसार. आणि दरसाल पिके फडांतून फिरत राहत. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला गावाने द्यायचा. यातली खरी मेख पुढे आहे. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात एकवटलेली नसे. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी आले की प्रत्येकाचे थोडे थोडे तोडत बसायचे नाही, एक अख्खा फड त्या हंगामाला कोरडा ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा त्या फडात असल्यामुळे तूट सर्वांच्या वाट्याला आपोआप येई.

आमचा पाचवा प्रश्न, तूट कोणी सोसायची, याचे इतके सरळ उत्तर आम्ही कोठे पाहिले नाही. पाटाच्या तोंडाशी बसलेल्या सधन शेतकऱ्याला टेलच्या गरिबाचे पाणी तोडून स्वतः सुखी राहता येत नसे, कारण टेललाही त्याचा तुकडा होता. माणसे साधू होती असे नव्हे; नियमाची रचनाच अशी होती की स्वार्थ आणि न्याय एकाच पाटाने वाहत.

माणशी अर्धा एकर

दुसरा नियम पुरंदर तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळाने विलासराव साळुंखे यांना त्या भागात ओढून नेले, आणि नायगावला त्यांनी जे काम उभे केले त्यातून पाणी पंचायत निघाली. फडाचा नियम जमिनीवर उभा होता. ज्याला जमीन नाही त्याचे तेथे नाव नव्हते. पाणी पंचायतीने मापच बदलले. पाणी जमिनीला नव्हे, माणसाला. घरात जितकी माणसे, तितक्या अर्ध्या अर्ध्या एकरांचे पाणी, आणि कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस घ्यायचा नाही, कारण एका उसाच्या पाण्यात कित्येक एकर ज्वारी-बाजरी निघते. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा.

येथे लक्षात घ्यायचे ते असे की, ‘समान वाटप’ हा शब्द उच्चारल्याने काहीच ठरत नाही. समान कशाच्या मानाने? एकरी समान की माणशी समान? एकरी समान म्हटले की वीस एकरवाल्याला एक एकरवाल्याच्या वीसपट मिळते, आणि तरीही त्याला समानच म्हणतात. पगारवाढ टक्क्यांनी मागायची की रुपयांनी, हा वाद ज्यांनी युनियनच्या सभेत ऐकला असेल, त्यांना यातली गोम चटकन कळेल. वरच्या पगाराचा माणूस टक्के मागतो, खालचा रुपये मागतो, आणि दोघेही समानतेचेच नाव घेतात. म्हणून पहिला प्रश्न, काय मोजायचे, हा दिसायला कारकुनी वाटला तरी अर्धा न्याय त्यातच ठरून जातो.

खोऱ्याचा नियम

फड आणि पंचायत ही गावापुरती. आता एका नदीवरच्या अनेक धरणांचा विचार करू. येथे माणसे एकमेकांच्या ओळखीची नसतात, एकमेकांच्या फडात त्यांचे तुकडे नसतात, आणि वरच्याने अडवले तर खालच्याला कळते ते नदी कोरडी पडल्यावर.

गोदावरी नाशिककडे उगम पावते आणि मराठवाड्याकडे वाहते. वरच्या भागात गंगापूर, दारणा, पालखेड, प्रवरा, मुळा असे धरणांचे समूह आहेत. काही इंग्रजी अमदानीतले, काही नंतरचे. खाली पैठणला जायकवाडी. त्याची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. वर पाऊस बेताचा झाला की वरची धरणे भरतात आणि जायकवाडी रिते राहते. मग प्रश्न येतो : वरच्यांनी सोडायचे की नाही, आणि सोडायचे तर किती?

२००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमात एक वाक्य आहे. त्याचा सारांश असा की, ऑक्टोबरअखेर एका खोऱ्यातल्या सर्व धरणांत, खरिपात वापरलेले पाणी धरून, वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी शक्य तो सारखी राहील असे नियमन करावे. हे वाक्य म्हणजेच पुन्हा पुन्हा वापरता येणारा नियम. त्यात कोठल्या धरणाचे नाव नाही, सालाचे नाव नाही.

त्याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका नदीवर अ, ब, क अशी तीन धरणे आहेत. अ मध्ये १० मापे मावतात, ब मध्ये ३०, क मध्ये ६०, एकूण १००. ऑक्टोबरात अ मध्ये १० मापे आहेत, म्हणजे ते पूर्ण भरले. ब मध्ये १८ आहेत, पण ब ने खरिपात ६ मापे वापरली आहेत. म्हणून त्याच्या नावावर २४. खालच्या क मध्ये २१. बेरीज ५५. एकूण मावते १०० आणि आहे ५५, म्हणून प्रत्येकाचा वाटा ५५ टक्के. अ चा वाटा साडेपाच. त्याने साडेचार मापे सोडावीत. ब चा वाटा साडेसोळा. त्यातली सहा तो आधीच प्यायला, म्हणून त्याने साडेदहा ठेवून साडेसात सोडावीत. अ आणि ब मिळून बारा मापे सोडतील. क चे एकवीस तेहतीस होतील, आणि तेहतीस म्हणजे साठाचे ५५ टक्के. हिशेब जुळला.

आता ‘खरिपात वापरलेले पाणी धरून’ हे चार शब्द खोडून पाहा. मग ब च्या नावावर १८ च लागतात, बेरीज ४९ होते, आणि ब ला चौदा मापे आणि वर सात दशांश ठेवता येते. आधी वापरलेली सहा मिळवली की त्याला वीसहून अधिक मापे पडली. न्यायाने त्याचा वाटा साडेसोळाच होता. म्हणजे ज्याने मोजणीपूर्वी घाईने पाणी उपसले त्याला बक्षीस, आणि ज्याने राखून ठेवले त्याला दंड. नियमातले चार शब्द किती पाणी हलवू शकतात ते यावरून दिसावे. करारनाम्यातला एक स्वल्पविराम हजार माणसांचा भत्ता खाऊन जातो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

नुसत्या बेरीज-भागाकाराने मात्र काम भागत नाही. वरून सोडलेली बारा मापे कोरड्या नदीपात्रातून जाताना वाटेत जिरतात. बारापैकी समजा नऊच पोचली, तर क चे तीसच होतील, आणि खोऱ्यातून तीन मापे कोणाच्याही शेताला न लागता गेली. म्हणून अगदी काटेकोर समानता गाठण्याच्या हट्टात एकूण पाणीच कमी होते. ही अडचण सोडवण्यासाठी गोदावरीच्या वरच्या खोऱ्यापुरता अभ्यास मेंढेगिरी समितीने केला. तिचा अहवाल २०१३ साली आला. समितीने जायकवाडीच्या स्थितीनुसार पायऱ्या पाडल्या, आणि प्रत्येक पायरीला वरच्या प्रत्येक समूहाने किती टक्के पाणी ठेवावे याचे कोष्टक दिले. पंधरा ऑक्टोबरला खरिपाच्या वापरासह जायकवाडीत ६५ टक्के पाणी असेल, तर वरच्यांनी काही सोडण्याचे कारण नाही. त्याहून कमी असेल तर कोष्टक उघडायचे. प्राधिकरणाने २०१४ साली या आधारावर आदेश दिला, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

आता नियमाची चाल पाहा. २०१५ च्या दुष्काळात वरच्या धरणांतून १२.८४ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. २०२३ साली सुमारे ८.६ टीएमसीचा निघाला. २०२० ते २०२२ या सालांत जायकवाडी भरले आणि प्रश्नच उद्भवला नाही. सूत्र तेच, आकडे निराळे. वरच्या शेतकऱ्यांचा विरोध झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आंदोलने झाली. पण वाद ‘सोडायचे की नाही’ यावरून ‘वाटेतली घट किती धरायची, मृत साठा धरायचा की नाही, पासष्टचा आकडा बरोबर की चूक’ यावर आला. हा वाद मोजून सुटण्यासारखा आहे. पहिला नव्हता.

वजावटीची ओळ कोणी लिहायची?

येथवर ऐकून कोणी म्हणेल, नियम केला की झाले. तसे नाही. बोनसच्या सूत्राने आम्हांला शिकवले ते हे, की खरे राजकारण वजावटीच्या ओळींत असते. शिल्लक वाटण्यापूर्वी कोणाचे देणे आधी काढायचे, हे जो ठरवतो त्याच्या हाती सगळे असते.

पाण्यातही तेच. पिण्याचे पाणी आधी, याबद्दल दुमत नाही. त्याच्या पुढची ओळ कोणाची? राज्याच्या २००३ च्या जलनीतीत ती उद्योगाची होती आणि शेती तिसरी होती. २०११ साली ती ओळ बदलून शेती दुसरी आणि उद्योग तिसरा झाला. याच काळात दुसरे काही घडत होते. २००५ च्या कायद्याने कोणत्या क्षेत्राला किती पाणी हे ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडे दिला होता. तरी मंत्र्यांची उच्चाधिकार समिती सिंचनासाठी राखलेले पाणी शहरांना आणि उद्योगांना वळवीत राहिली. २०११ च्या दुरुस्तीने तो अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधी झालेल्या निर्णयांना कायद्याचे संरक्षण मिळाले. म्हणजे कागदावर नियम आणि व्यवहारात हुकूम, अशी जोडी कित्येक वर्षे नांदली.

कारखान्याला पाणी देऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. कारखाना बंद पडला तर आमचाच माणूस रस्त्यावर येतो. शहराला पाणी देऊ नका, असे तर येथे बसलेल्या कोणालाही म्हणता येणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जे वळवायचे ते उघड नियमाने वळवावे, ज्याचे वळवले त्याला आधी सांगावे, आणि किती वळवले ते लिहून ठेवावे. शहराच्या नळाला येणारे जादा पाणी आकाशातून पडत नाही; कोठल्या तरी कालव्याचे एक आवर्तन कमी होते तेव्हा ते येते. माणशी १३५ लिटरचे प्रमाण ठरले असताना शहर त्याहून अधिक उचलत असेल, किंवा उचललेल्यातले निम्मे फुटक्या नळांतून जात असेल, तर टेलच्या शेतकऱ्याने ते का सोसावे, याचे उत्तर आपण नागरिकांनी दिले पाहिजे. सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत देणे हे दान नव्हे, कर्जफेड होय.

दाराशी मोजून द्या

शेवटची पायरी कालव्याखालची. धरणाचे वाटप न्यायाचे झाले तरी कालव्याच्या तोंडचा बागायतदार पाणी ओढतो आणि टेलला चिखलही पोचत नाही, ही तक्रार जुनी आहे. हंगामाला शेतकऱ्याने अर्ज द्यायचा, पिकानुसार आणि एकरानुसार पाणीपट्टी भरायची, ही पद्धत चालत आली. तिच्यात पाणी मोजलेच जात नाही. एकदा चारीचे दार उघडले की कोणी किती घेतले याचा हिशेब नाही. २००५ च्याच सालच्या दुसऱ्या कायद्याने, शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने, यावर उपाय सांगितला : शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था करा, तिचा कोटा घनमापाने ठरवा, तिच्या दाराशी मोजून द्या, आणि आत कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्यावर सोपवा. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाखाली हे काम कायद्याच्या कितीतरी आधी, १९९० नंतरच्या वर्षांत ओझरच्या टेलच्या शेतकऱ्यांनी सुरू केले, आणि पुढे त्या धरणाखालच्या सर्व संस्थांनी एकत्र येऊन वाटपाची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

माप आले की माणसाची वागणूक बदलते. कोटा ठरलेला आहे आणि वाचवलेले आपलेच आहे, असे दिसले की शेतकरी रात्री उठून दार बंद करतो. कोटाच नसेल, तर मिळेल तेवढे ओढणे हाच शहाणपणा ठरतो. त्याला दोष देऊन काय उपयोग? जेथे पगार ठरलेला नाही तेथे कामगार उचल मागतच राहतो.

तात्पर्य, साठ्याच्या वाटपाचा नियम चांगला की वाईट हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. तो आधी ठरलेला असावा आणि सर्वांना ठाऊक असावा. त्याची मोजणी ज्याचे नुकसान होणार त्यालाही तपासता यावी. तुटीचा भार कसा पडेल हे त्यात लिहिलेले असावे. अपवाद लागणारच, पण तेही आधी लिहिलेले असावेत, ऐनवेळी शोधलेले नसावेत. आणि त्याची फेरतपासणी ठरावीक मुदतीने व्हावी, कारण गाळ वाढतो, वस्ती वाढते, पाऊस चाल बदलतो. जो नियम कधीच तपासला जात नाही तो हळूहळू पुन्हा हुकूम होतो. फरक इतकाच की हुकूम देणारा मेलेला असतो.

येत्या पंधरा ऑक्टोबरला आपल्या शहराला पाणी देणाऱ्या धरणाचे आकडे प्रसिद्ध होतील. त्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होईल. आपल्यापैकी दहा जणांनी ते आकडे कागदावर उतरवून घ्यावेत : उपयुक्त साठा किती, पिण्यासाठी किती राखला, उद्योगाला किती, शेतीची आवर्तने किती, बाष्पीभवनापोटी किती सोडले. मग शहराने वर्षभरात प्रत्यक्ष किती उचलले ते नगरपालिकेकडून मागावे आणि दोन कागद शेजारी ठेवावेत. भाषणे ऐकणारी माणसे पुष्कळ आहेत. बेरीज तपासणारी दहा मिळाली तरी टेलच्या शेतकऱ्याला शहरात आपली माणसे आहेत असे वाटेल.